भट्टीवर जाण्याआधी मोगरा छाटा



भात झोडून झालं, नाचणी घरात आली, की आपल्या पाड्यांवर मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. उचल घेतलेली असते, पोरांची दप्तरं कोपऱ्यात पडतात आणि घराला कडी लावून माणसं वीटभट्टीवर जातात. या धावपळीत अंगणातल्या, बांधावरच्या मोगऱ्याकडे कुणाचं लक्ष जाणार? तो हिरवागार दिसतो. वाटतं, आहे तो बरा, उन्हाळ्यात देईल फुलं.

नाही देत. दिली तरी ओंजळभर. मोगऱ्याचा उन्हाळा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरतो, एवढी एकच गोष्ट या वेळी तुमच्या डोक्यात पक्की बसवायची आहे.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात गेल्या काही वर्षांत मोगऱ्याच्या लहान लहान बागा उभ्या राहिल्या. तिथला माल दादरच्या फूलबाजारात जातो. भात एकदाच येतं आणि मग जूनपर्यंत हाताला काम नसतं. मोगरा नेमका त्याच रिकाम्या महिन्यांत, फेब्रुवारीच्या अखेरीपासून पावसापर्यंत, पैसा देतो. म्हणून ज्यांच्याकडे थोडी झाडं आणि थोडं पाणी आहे, त्या घरांना स्थलांतर करायचं की नाही हे ठरवायला निदान वाव मिळतो. दहा-वीस झाडांनी भट्टी सुटत नाही, हेही खरं. पण घरातली एक बाई आणि शाळेतली पोरं मागे राहू शकतात. माझ्या लेखी हे थोडं नाही.

छाटायला हात का धजत नाही

मोगरा सदाहरित आहे. पळसासारखा किंवा सागासारखा तो पानं टाकून उघडा होत नाही. त्यामुळे त्याची विश्रांती आपल्याला दिसत नाही, ती आपणच त्याला द्यावी लागते. आणि त्याची कळी जुन्या फांदीवर येत नाही. नव्या कोवळ्या फुटव्याच्या शेंड्यावर येते. जितके नवे फुटवे, तितक्या कळ्या. जुन्या काड्यांचं जाळं तसंच ठेवलं तर झाड आपली ताकद पानं सांभाळण्यात घालवतं, आत ऊन-वारा शिरत नाही, आणि अळी, कोळी यांना मस्त घर मिळतं.

मी स्वतः पहिली दोन वर्षं छाटणी केली नाही. प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत लिहिलंही होतं. पण हातात विळा घेऊन झाडापुढे उभी राहिले आणि वाटलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, मार्चमध्ये लांबून पाणी आणून घातलं, आता कापू कसं? सासूबाईंनीही हात धरला. झालं काय, तर झाड कमरेच्या वर गेलं, आतून वाळकं, वर पानांचा गुच्छ आणि फुलं शेंड्याशेंड्याला चार. शेजारणीने धीर करून छाटली होती. तिच्या तेवढ्याच झाडांवर एप्रिलमध्ये दोन बायका तोडायला लागायच्या. तिसऱ्या वर्षी मी काही विचारलं नाही, छाटून मोकळी झाले.

छाटणी कशी करायची

पाऊस थांबला की पाणी देणं बंद करा. जमीन सुकू द्या. पानं थोडी पिवळी पडतात, काही गळतात. घाबरू नका, हीच विश्रांती. असे तीन-चार आठवडे गेले की नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा येतो. जमीन भारी काळी असेल तर तिच्यात ओल जास्त टिकते, तिथे आठवडाभर उशीर झाला तरी चालेल. आपल्या डोंगरउताराच्या लाल जमिनीत मात्र उशीर करू नका.

तीन वर्षांच्या पुढचं झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटायचं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात जमिनीवर उभा धरा, साधारण तेवढंच. आधी वाळलेल्या, रोगट आणि सुतासारख्या बारीक काड्या मुळापासून काढा. मग जमिनीवर लोळणाऱ्या. मग एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक. उरलेल्या जाड काड्या दीड फुटावर, डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप देऊन कापा. तिरका अशासाठी की दव आणि पाणी कापावर साचत नाही. शिल्लक राहिलेली पानंही हाताने ओरबाडून काढली तरी चालतात. झाड बघवत नाही इतकं बोडकं दिसतं. तसंच दिसायला हवं.

लावून दोन वर्षं न झालेली झाडं एवढी कापायची नाहीत. त्यांचे फक्त शेंडे खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन झाड घेरदार होईल. खरं उत्पन्न तिसऱ्या वर्षापासूनच धरा. नीट सांभाळलं तर झाड पुढे दहा-बारा वर्षं सहज फुलतं.

विळ्याने फांदी चिरते आणि चिरलेल्या जागी बुरशी धरते. सिकेटर वापरा. प्रत्येकीने विकत घ्यायची गरज नाही, गटात दोन असले तरी पाडा उरकतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं फडक्याने पुसा, रोगट झाड असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. जाड कापांवर बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी बादलीत अजिबात नाही, आणि त्या भांड्यात नंतर खायचं काही ठेवायचं नाही.

खत आणि पहिलं पाणी

छाटणीनंतर झाडाभोवती फूटभर अंतरावर आळं मोकळं करा. वरची मुळं तीन-चार दिवस थोडी उघडी राहिली तर हरकत नाही, पण मोठं मूळ तोडू नका. मग झाडामागे एक घमेलं भरून कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून आळं बुजवा. ताजं शेण नको, त्याने हुमणी येते आणि मुळं खाते.

रासायनिक खत घालणार असाल तर पूर्ण वाढलेल्या झाडाला या वेळी ६५ ग्रॅम युरिया, ३७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम पोटॅश द्या. तेवढाच दुसरा हप्ता जून-जुलैमध्ये. लहान झाडाला याच्या निम्मं पुरे. युरिया जास्त घातला तर काय होतं माहीत आहे ना? झाड काळंभोर हिरवं, बघणारा म्हणतो वा वा, आणि कळी शोधून सापडत नाही. सावलीतल्या झाडाचंही तसंच. मोगऱ्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवं. आंब्याखाली लावलेला मोगरा फुलत नाही म्हणून त्याला खत वाढवत बसू नका, पावसाळ्यात त्याची दाब कलमं करा आणि उन्हात लावा.

खत घातलं की पहिलं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी दुसरं भरपूर. दोन-तीन आठवड्यांत पोपटी डोळे फुटलेले दिसतील. तिथून पुढे मोजा, छाटल्यापासून साधारण अडीच-तीन महिन्यांनी कळी.

पाण्याचं आपल्याकडे दुखणं आहेच. विहीर मार्चला तळ दाखवते. म्हणून आळ्यात भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरा. झाडं थोडी असतील तर जुन्या मडक्याला तळाशी बारीक छिद्र पाडा, त्यात कापडाची वात ओवा आणि मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरा. पाणी मुळाशी झिरपतं, वाफ होऊन जात नाही. कळ्या धरल्यावर मात्र नेम चुकवू नका. दहा दिवस कोरडं ठेवून अकराव्या दिवशी आळं तुडुंब भरलं, तर कळ्या पटापट गळतात. थोडं, पण ठरल्या दिवशी.

फुलोऱ्यात आणखी एक काम असतं, ते बहुतेक जणी विसरतात. मोगऱ्याच्या शेंड्याला बहुधा तीन कळ्यांचा झुबका येतो. मधली आधी तयार होते, मग बाजूच्या दोन. तिन्ही तोडून झाल्या की तो शेंडा खालच्या दोन पानजोड्यांसह खुडून टाका. तिथून नवे फुटवे येतात आणि महिना-सव्वा महिन्यात पुन्हा कळी. तोडणीच्या वेळीच नखाने खुडत गेलं की वेगळा वेळ लागत नाही.

कळी जांभळी पडली तर

पांढरी व्हायच्या आधीच कळी जांभळट पडली, तिला बारीक भोक दिसलं, दोन-तीन कळ्या जाळीने चिकटल्या, तर आत अळी आहे. कळी फोडून बघा, काळ्या डोक्याची बारीक अळी सापडेल. कळीचा देठाजवळचा भाग फुगला आणि कळी उमलण्याआधीच वाळली, तर ते कळीमाशीचं काम. दोन्हींचे कोष खालच्या मातीत असतात. म्हणून रोज तोडताना कमरेला दुसरी पिशवी बांधा, खराब कळ्या तिच्यात टाका आणि त्या जाळा किंवा खोल पुरा. झाडाखाली टाकल्या तर आठवड्याने तीच अळी माशी होऊन वर येते. आळ्यातली माती अधूनमधून खुरप्याने खालीवर केली की कोष उन्हाने मरतात. निम्मा त्रास एवढ्यानेच जातो.

फवारणीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळीची भरड, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, थोडा साबणचुरा घालायचा. कळी हिरवी, मुगाएवढी असताना संध्याकाळी फवारायचं. मोठ्या कळीवर मारलं तर फुलाला कडुलिंबाचा वास लागतो आणि व्यापारी नाक मुरडतो.

एप्रिलच्या उन्हात पानं धुळकट, पिवळ्या ठिपक्यांची झाली आणि खालून बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. नाही आटोक्यात आला तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, तेही उन्हं उतरल्यावरच, नाहीतर पानं करपतात. पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं असेल तर ती कीड नाही, लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत हे दिसतं. लिटरला ५ ग्रॅम हिराकस टाकून पानांवर फवारा.

दुकानातल्या औषधाबद्दल माझं मत सांगते. एकदा एका दुकानातून कळीवरच्या अळीसाठी बाटली आणली. दुकानदार म्हणाला, मारा आणि विसरा. संध्याकाळी मारलं, पहाटे तोडलं, उरलेल्या फुलांचा गजरा मुलीच्या वेणीत घातला. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. औषधानेच झालं की उन्हाने, मी सांगू शकत नाही. पण त्या दिवसापासून एक नियम केला: जे फूल कुणीतरी नाकाशी नेणार, केसात माळणार, देवापुढे ठेवणार, त्याच्यावर तोडणीच्या दिवसांत विषारी औषध मारायचं नाही. तोडणाऱ्या हातांना आणि श्वासालाही ते आपल्याच लागतं. घ्यावंच लागलं तर बाटलीवरचा काढणीपूर्व काळ कुणाकडून तरी वाचून घ्या आणि तेवढे दिवस तोडू नका.

पहाटेची तोडणी

मोगरा संध्याकाळी उमलतो. म्हणून कळी पूर्ण भरलेली, पांढरीशुभ्र, पण बंद, अशी पहाटे सूर्य वर यायच्या आधी तोडायची. बाजारात पोचून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत ती उमलायला येते. हिरवट कळी तोडली तर ती उमलतच नाही, नुसतं वजन कमी भरतं.

अंधारात तोडताना कपाळाला बॅटरी आणि पायात बूट असलेच पाहिजेत. पेंढ्यात, पाचोळ्यात विंचू, फुरसं, मण्यार येऊन बसतं. हात घालण्याआधी काठीने आळं हलवा. झाडाची खालची फूटभर जागा मोकळी ठेवायची छाटणी इथेही कामाला येते.

कळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम सुटून दोन तासांत तांबूस पडतात. बांबूची टोपली, आत केळीचं पान, वर ओलं करून पिळलेलं सुती फडकं. सगळ्या जणींचा माल एका घरी आणून गटाच्या काट्यावर मोजा, वहीत लिहा आणि मग गाडीत चढवा. व्यापाऱ्याची पट्टी आली की वहीशी ताडून बघा. अडत, हमाली, गाडीभाडं किती कापलं, ते बैठकीत मोठ्याने वाचा. एकटी बाई विचारते तेव्हा तिला उडवून लावतात. गटाची वही पुढे केली की बोलणं बदलतं, हा आमचा अनुभव आहे.

लग्नसराईत भाव चढतो, आणि सगळ्यांचीच झाडं एकदम फुलली की कोसळतो. त्या दिवशी कळ्या किलोवर देण्यापेक्षा गजरे करा. कर्नाटकात उडुपीजवळच्या शंकरपुरा भागातल्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन आहे. तिथे घरोघरी कळ्या केळीच्या सोपटाच्या धाग्यात बांधतात आणि फुलं वजनावर नाही, बांधलेल्या मापावर विकतात. चार चेंडू मिळून एक अट्टे, असं त्यांचं माप. कळी तीच, पण बायकांच्या बोटांची मजुरी तिच्या भावात आली. आपल्याकडे केळी आहेत, बोटंही आहेत. तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर, देवळापाशी, शेजारच्या लग्नघरी गजरे खपतात.

गजऱ्याचा विषय निघाला म्हणून बोलते. आमच्या गटात पहाटे सगळ्यात आधी झाडापाशी येणारी जी ताई आहे, तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तिच्या हातचा गजरा सगळ्यात घट्ट आणि सारखा. विकायला बसली की दोनशे गजरे बांधते आणि स्वतःच्या केसात एक कळी नाही. कुणी बंदी घातली, विचारलं तर म्हणते, कुणी नाही, पण बरं दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ठराव कागदावर होतो, केसात फूल दुसऱ्या बाईनेच घालावं लागतं. गेल्या अक्षय्य तृतीयेला आमच्यातल्या एकीने काही न बोलता तिच्या अंबाड्यात गजरा खोवला. तिने काढला नाही. बांधत राहिली.

जाणाऱ्या आणि राहणाऱ्या

आता मूळ मुद्द्यावर येते. ज्या मैत्रिणी भट्टीवर जाणार आहेत, त्यांनी जाण्याआधी दोन दिवस काढून छाटणी आणि खत उरकावं. मुकादम घाई करेल. त्याला सांगा, झाडं कापून येते. मागे कोण पाणी घालणार, हे बैठकीतच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. आमच्या गावात राहणारी बाई जाणारीच्या झाडांना पाणी घालते, तोडणी करते आणि पट्टीतले निम्मे पैसे ठेवते. निम्मे झाडाच्या मालकिणीच्या बचत खात्यात गटाच्या सचिवताई भरतात. पहिल्या वर्षी तोंडी ठरवलं होतं, तेव्हा दोघींत बोलणं बंद झालं. लिहायला लागल्यापासून भांडण नाही.

छाटलेल्या काड्या रोपांसाठी लगेच खोचू नका, थंडीत मुळं धरत नाहीत. रोपं करायची ती जून-जुलैमध्ये, तीन-चार डोळ्यांच्या काडीची. आताच्या निरोगी काड्या बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, रोगट असतील त्या शेकोटीत. सिकेटर ग्रामसंघाच्या कपाटात आहेत. नोंदवहीत सही करून न्या, आणि परत देताना पात्याला तेल लावून द्या.